सापळ्यातले पतंग आणि माझी जाऊ

शेतीशाळेच्या रविंद्र साहेबांनी मला सांगितलं, "शिलाताई, सिंधूबाईंविषयी दोन पानं लिहून द्या. घरातलीच बाई आहे, तुमच्याइतकं कोणाला माहीत असणार?" मी दोन पानं लिहून दिली. सिंधू कष्टाळू आहे, बारीक नजरेची आहे, पंचक्रोशीतल्या बायांना तिचा आधार वाटतो, असं सगळं त्यात होतं. त्यातलं काहीच खोटं नव्हतं, आणि एक ओळसुद्धा मी सुखाने लिहिलेली नव्हती. त्या पानांत जे मावलं नाही ते इथे लिहिते.

सिंधू माझी धाकटी जाऊ. माझे मालक मसाजी थोरले, तिचा नवरा नरसिंग धाकटा. पुसेगावच्या शिवारात आमचं रान. सासरे गेल्यावर मधे बांध पडला, अलीकडचं आमचं झालं आणि पलीकडचं त्यांचं. वाटणीत भांडण झालं नाही. तिच्यामाझ्यात जे आहे ते जमिनीवरून नाहीच.

मी आखाडा बाळापूरची. बाजाराचं गाव, सगळीकडे जाणारा रस्ता दारावरून, त्यामुळे माणसं पाहिलेली, दहावी पास झालेली. सिंधूने तिसरीत शाळा सोडली आणि बापाच्या मेंढरांमागे फिरली. लग्नात तिला पाहिलं तेव्हा खरं सांगते, मला बरं वाटलं होतं. हिच्यापुढे आपलं घरातलं वजन कमी व्हायचं नाही, असं मनात म्हटलं आणि खुशाल तिच्या हळदीला नाचले.

चार-पाच वर्षं तसंच चाललंही. मग एका उन्हाळ्यात गावातले धर्मसिंग तात्या आमच्या अंगणात वांग्याचं रोप उपटून घेऊन आले. त्यांनी परसातल्या वाफ्यात दहाबारा झाडं लावली होती, सगळ्यांचे शेंडे माना टाकून बसले होते. तात्या विचारत होते मसाजींना. मसाजींनी रोप उलटंपालटं केलं आणि पाणी कमी पडलं असं सांगितलं. सिंधू शेळ्यांना पाला घालत होती. ती आली, वाळलेला शेंडा नखाने उभा चिरला आणि आतली गुलाबीसर अळी तळहातावर घेऊन दाखवली.

"पाणी न्हाई तात्या, ही हाय आत. शेंडा कात्रीनं खाली धरून कापा अन खोल पुरून टाका. निसता कापून बांधावर फेकसाल तर ही पुन्हा बाहीर येती. दर आठ दिसाला फिरा वाफ्यातून."

"अन औषध कोणतं मारू?"

"बारा झाडाला कायचं औषध? दोन हात हायेत की तुमाला."

तात्यांची पुढे बाजारात नेण्याइतकी वांगी निघाली आणि त्यांनी ती नेतानेता वाटेत भेटेल त्याला ही गोष्ट सांगितली. झालं. तिथून माझं सुख गेलं.

मला वाटायचं हिला आलं कुठून हे? एकदा तिच्या बापाला मेंढरू तपासताना पाहिलं. ते कानाच्या मागे बोट घालत, लोकर फाकवत, शेपटीखाली बघत, गोचीड शोधत. सिंधू पान तसंच बघते. वरून बघतच नाही, आधी उलटवते. आम्ही सगळे रानात उभे राहून हिरवं दिसलं की घरी येतो. ती खाली बसते.

हळूहळू माणसं यायला लागली. प्लास्टिकच्या पिशवीत पान, डहाळी, कधी नुसती मेलेली अळी. शाळेचे हरिचंद गुरुजी जास्वंदाची फांदी घेऊन आले, तिच्यावर काळा मावा. त्यात काटेरी, करडं, मगरीच्या तोंडाचं काहीतरी हिंडत होतं, गुरुजींनी त्यालाच मूळ चोर ठरवलं होतं. सिंधू म्हणाली, "गुर्जी, ह्ये ढालकिड्याचं लेकरू, त्या लाल ठिपक्यावाल्याचं. ह्ये मावा खाऊन राहिलं. त्याला माराल तर मावा तुमचं झाड खाईल." गुरुजींनी हात जोडले. दहावीपर्यंत मला शिकवणाऱ्या कोणत्याही मास्तरने माझ्यापुढे हात जोडलेले मला आठवत नाहीत.

पिशवी उघडायच्या आधी तिचा एक प्रश्न ठरलेला: "काल काय मारलं?" तीन औषधं अन वर एक टॉनिक एकाच पंपात कालवून मारणारा माणूस समोर असला की ती त्याच्याकडे अशी बघते की तो आपणहून डोकं खाली घालतो. कधी सांगते, रोग नाहीच, पाणी जास्त झालंय. कधी सांगते, मला माहीत नाही, कृषी सहायकाला दाखवा. "मला माहीत नाही" हे ती इतक्या सहज म्हणते की लोकांचा तिच्यावर जास्तच विश्वास बसतो. मी ते म्हटलं असतं तर लोक म्हणाले असते, हिला काय येतंय?

त्यात आमच्याकडची रीत. भासरा, म्हणजे थोरला दीर, आणि भावजय समोरासमोर बोलत नाहीत. मसाजींना आमच्या मिरचीबद्दल तिला विचारायचं असेल तर ते मला सांगायचे, "विचार तिला, पानं काहून वळून राहिली?" मी चार पावलं चालून तिला विचारायचं. ती डोक्यावर पदर घेऊन मला सांगायची, "भाऊला म्हणावं, बारीक फुलकिडे हायेत, निळे चिकट पत्रे लावा, अन बुडाचं तण काढा." मी परत चार पावलं चालून ते मालकांना सांगायचं. दोघं एकमेकांपासून दहा हातांवर उभे, दोघांना एकमेकांचं ऐकू येतंय, आणि मधे मी टपाल्यासारखी. नवरा माझा, मिरची माझी, आणि मला त्यात नुसती येजा.

एकदा तर माझी राजनंदिनी, हिंगोलीला कॉलेजात आहे, तिने खोलीच्या खिडकीत कुंडीत टोमॅटो लावला. त्याची पानं पांढऱ्या रेघोट्यांनी भरली. तिने फोटो पाठवला कोणाला? काकूला. मला तो फोटो सिंधूने दाखवला, हौसेने, "बघा जाऊबाई, नागअळी हाय, तेवढी पानं तोडून टाक म्हणलं मी तिला." मी म्हटलं, हो का. आणि घरात जाऊन भांडी इतक्या जोराने घासली की मसाजी विचारायला आले, काय झालं म्हणून.

तर गेल्या वर्षी आमच्या महिला गटाला शेतीशाळा मिळाली. रब्बीचा हरभरा. वीस बायांनी दर आठवड्याला एका रानात जमायचं, किडी ओळखायच्या, मोजायच्या आणि मग ठरवायचं फवारायचं की नाही. ते रान सिंधूचं निवडलं गेलं. मी गटाची सचिव, माझ्या हाताने तिच्या गट नंबराचा अर्ज लिहिला. रविंद्र साहेब म्हणाले, तुलना करायला शेजारचं रान लागेल, शिलाताईंचं घेऊ. तुलनेचं रान! म्हणजे नवरदेवाच्या शेजारी उभा करतात तो पोरगा.

दोन्ही रानांत कामगंध सापळे लागले. काठीला एक नरसाळं, खाली लांब पिशवी, वर झाकणात एक रबरी गोळी. त्या गोळीला घाटेअळीच्या मादी पतंगाचा वास असतो. नर त्या वासाने येतो आणि पिशवीत पडतो. हे ऐकून बाया अशा हसल्या की साहेबांना पुढचं सांगता येईना. सोजराबाई, गटातली सगळ्यात म्हातारी, म्हणाली, "साहेब, ही गोळी आमच्या म्हाताऱ्यासाठी भेटती का? घरी तर येऊन राहील टायमावर."

ठरलं असं. रोज सकाळी सिंधूने दोन्ही रानांतले पतंग मोजायचे, कारण तिला पिशवीत हात घालायची शिसारी नाही. ती आकडा सांगणार, मी वहीत टिपणार आणि गावात जाऊन ग्रामपंचायतीच्या भिंतीवरच्या फळ्यावर लिहिणार. सिंधू रानातून थेट शेळ्यांकडे जायची, फळ्याकडे तिचं जाणं व्हायचं नाही.

फळा सगळ्यांसाठी होता, पण खरा उपयोग होता राणीला. राणीचं घर विहारामागे, नवरा हिंगोलीच्या हळदीच्या मार्केटात हमाल, दोन लेकरं. तिचं अर्धा एकर रान आमच्या रानाला लागून, त्यात तेवढाच हरभरा, आणि तोच घरच्या वर्षाच्या डाळीचा. ती रोज सकाळी दुसऱ्यांच्या हळदीत कामाला जायची, अंधार पडता परत यायची. स्वतःच्या रानात बसून पानं उलटवायला तिच्याकडे दिवसच नव्हता. ती जाताना फळा वाचायची. माझ्या रानातला आकडा म्हणजे तिचाही आकडा, असं साहेबांनीच तिला सांगितलं होतं. सापळ्यामागे आठ-दहा पतंग सलग तीन दिवस आले, की माद्या अंडी घालून राहिल्या असं समजायचं आणि निंबोळी अर्क फवारायचा. अळी बारीक असते तोवरच तो अर्क चालतो.

पहिल्याच आठवड्यात मी माझी शोभा करून घेतली. सिंधूने आकडे सांगितले: तिच्या सापळ्यात चार, माझ्या सापळ्यात अकरा. मला वाटलं, जिंकले! फळ्यावर माझा अकरा मी मोठा काढला आणि शेतीशाळेत सगळ्यांसमोर म्हटलं, "साहेब, आमच्या सापळ्याने बघा किती पकडले. सिंधूच्या सापळ्यात काही दम नाही." साहेब बिचारे हळू म्हणाले, "ताई, पतंग जास्त म्हणजे धोका जास्त. तुमच्या कडेला तूर आहे, तिथलीच ही कीड." बाया हसल्या. सोजराबाई तर पोट धरून हसली. आणि सिंधू? सिंधू म्हणाली, "मला बी आधी तसंच वाटलं व्हतं."

तिला तसं कधीच वाटलं नव्हतं. मला सावरून घ्यायला ती बोलली. तिने हसून घेतलं असतं तर मी एखादा दिवस रागावले असते आणि विसरले असते. तिने मला सांभाळलं, ते मात्र मला सहन झालं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने माझ्या रानातले सहा सांगितले. मी वहीत सहा लिहिले आणि फळ्यावर तीन. कोणाला त्रास देण्यासाठी नाही. माझ्या रानात कमी दिसावेत म्हणून. तुलनेच्या रानात काही वाईट नाही, तिथेही कोणी बाई राबते, हे वीस बायांनी वाचावं म्हणून.

मग आभाळ आलं. डिसेंबरात चारपाच दिवस ऊन पडलंच नाही. हरभरा फुलात, काही ठिकाणी घाटे धरायला लागलेले, असली दमट हवा किडीला आवडते. सोमवारी सिंधू माझ्या सापळ्यापाशी उभी राहून म्हणाली, "नऊ." मी फळ्यावर लिहिलं तीन. मंगळवारी दहा. मी लिहिलं चार. बुधवारी बारा. मी लिहिलं तीन.

आणि मंगळवारी संध्याकाळी मी मसाजींना सांगितलं, घरात निंबोळ्यांचं पीठ पडलंय, आपण आपलं मारून घेऊ. त्यांनी विचारलं, "काहून? फळ्यावर तर चारच हायेत." मी म्हटलं, पडून खराब होईल म्हणून. रात्रभर पीठ भिजवलं, फडक्यातून गाळलं, साबणाचं पाणी टाकलं, बुधवारी दुपार उतरल्यावर त्यांनी आमचं रान फवारलं. म्हणजे मला कळत होतं. माझ्या रानापुरतं सगळं कळत होतं. बुधवारी सकाळी राणीला मी फळ्यासमोर उभी पाहिली. डोक्याला रुमाल, हातात डबा. तिने आकडा वाचला, माझ्याकडे बघून हसली, म्हणाली, "बरं हाय ताई, अजून टाइम हाय," आणि गेली. मी तिला थांबवलं नाही.

गुरुवारी सकाळी सिंधू सापळ्याकडे आलीच नाही. ती सरळ माझ्या दारात आली.

"जाऊबाई, तुमच्या रानाला निंबोळीचा वास येऊन राहिला. म्या म्हणलं बरं झालं, तीन दिस झाले आठाच्या वर. मंग राणीच्या बांधावर गेले. तिनं काहून मारलं न्हाई म्हणून फळा पाह्यला." तिने माझ्याकडे बघितलं. "फळ्यावर तीन हाय. म्या बारा सांगितले व्हते."

मी म्हटलं, "तू तीनच सांगितलं."

वही माझ्या मागे कोनाड्यात होती. तिच्यात बारा लिहिलेले होते, माझ्याच हाताने. ती म्हणाली असती वही दाखवा, तर मी संपले होते. ती म्हणाली नाही. थोडा वेळ माझ्या तोंडाकडे पाहत राहिली, जसं पानाकडे पाहते. मग म्हणाली, "माझ्या तोंडून चुकून गेलं असंल."

त्याच दुपारी शेतीशाळा होती. साहेब आले नव्हते, बायाच होत्या. सिंधू उठून उभी राहिली. "माझी चूक झाली. जाऊबाईंच्या रानात बारा व्हते, माझ्या तोंडून तीन गेले. ज्यायचं रान त्या अंगाला हाय त्यायनं आजच फवारा."

मग सोजराबाई म्हणाली, "तू बी चुकतीस व्हय?" दुसरी कोणी म्हणाली, "अंगावर जास्त घेतलं की असंच होतं." तिसरीने सांगितलं, गेल्या साली हिने आमच्या तुरीला थांबा म्हणलं होतं, तेव्हाही मला शंका आली होती. सिंधू उभी होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. तिच्यावर असं कोणी बोललेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते. आणि मला गोड वाटलं. लाज वाटायला हवी होती, ती नंतर वाटली, पण त्या वेळी गोडच वाटलं. सोळा वर्षं मी ज्याची वाट पाहत होते ते मिळालं होतं, आणि मी नुसती वहीत मान घालून बसून मिळालं होतं.

राणी त्या सभेला नव्हती, कामावर होती. त्या दिवशी काम लवकर सुटलं, दिवस मावळायच्या थोडं आधी ती माझ्या दारात आली. प्लास्टिकच्या पिशवीत हरभऱ्याची डहाळी.

"ताई, सोजरा आजी वाटंत भेटली. म्हणली सिंधूबाईनं मोजायात गडबड केली. म्हणून मी तुमच्याकडं आले. तुमीच सांगा आता, हिच्यावर काय हाय? तुमी शिकलेल्या हायसा."

माझ्या दारात पिशवी घेऊन आलेलं हे पहिलं माणूस. मी डहाळी घेतली. वरून पाहिली. मग सिंधू करते तशी उलटवली. पानांवर पांढुरके ठिपके होते. ते कशाचे, अंड्याचे की खरवडल्याचे, मला कळेना. कोवळ्या शेंड्यात काहीतरी हिरवं हललं. ते किती दिवसांचं, अर्काने मरेल की नाही मरणार, त्यासाठी आता काय करावं, मला काहीच सांगता येईना. इतके आठवडे मी शेतीशाळेत बसले होते. सगळं वहीत लिहिलं होतं. लिहिताना मी ऐकतच नव्हते, सिंधूचं नाव किती वेळा येतं तेवढंच मोजत होते.

राणी वाट बघत होती. तिच्या हाताला अजून हळदीच्या रानातली माती होती.

मी म्हटलं, "चल."

सिंधू शेळीचं दूध काढत होती. मी तिच्यासमोर उभी राहिले आणि राणीला ऐकू जाईल असं बोलले. एका दमात बोलले, नाहीतर बोलणं झालं नसतं. "राणी, हिची काही चूक नाही. हिने बारा सांगितले. मी तीन लिहिले. तिन्ही दिवस मी खोटं लिहिलं, आणि माझं रान मी फवारून घेतलं."

आणि मी थांबले. मला वाटलं आता आभाळ फाटेल. राणी शिव्या देईल, सिंधू रडेल, नरसिंग घरातून बाहेर येईल. मनातल्या मनात मी उत्तरंही तयार ठेवली होती.

सिंधूने दूध बाजूला ठेवलं, पदराला हात पुसले आणि राणीच्या हातून पिशवी घेतली. डहाळी उजेडाकडे धरली. "ह्या दोन दिसाच्या हायेत. पर ही बघ, ही मोठी झाली, घाट्यात तोंड घालती आता. बारक्या अर्कानं मरतील. मोठ्या हातानं येचाव्या लागतील. किती ओळी हायेत तुझ्या?" राणी म्हणाली, ओळी मोजल्या न्हाईत कधी. दोघी खाली बसल्या, डहाळीवर डोकी टेकवून. एवढी मोठी गोष्ट मी तोंडाने कबूल केली होती, आणि दोघी अळीकडे बघत होत्या.

थोड्या वेळाने सिंधू मान न वळवता म्हणाली, "मला ठाऊक व्हतं जाऊबाई. वही तुमच्या मागंच व्हती. घरात निंबोळीचं पीठ उरलंय का?"

"उरलंय."

"सगळं आणा."

शुक्रवारी राणीने कामाची सुट्टी केली. अर्क मसाजींनी फवारला. सिंधू आणि मी ओळीओळीने बसलो. खाली पोतं अंथरायचं, झाडं हलकेच झटकायची, पडलेल्या मोठ्या अळ्या राखेच्या पाण्यात टाकायच्या. हरभऱ्याच्या पानांवरच्या आंबट आंबेने बोटं चुरचुरत होती. सिंधूने मधेमधे काठ्या रोवल्या, पाखरांना बसायला. दुपारी गटातल्या आणखी सहाजणी आल्या. त्यांना कोणी सांगितलं होतं? मीच. फळा पुसून खरे आकडे लिहिले होते, नऊ, दहा, बारा, आणि खाली माझं नाव. सोजराबाई ओळीत माझ्या शेजारीच बसली आणि दिवसभर माझ्याशी एक शब्द बोलली नाही, जे तिला फार जड गेलं असणार.

राणी बोलली, एकदाच. झाडं झटकताना म्हणाली, "तीन दिस ताई. मी रोज वाचून जात व्हते." मी पुढचं झाड झटकलं.

हरभरा निघाला तेव्हा राणीच्या रानातल्या बांधाकडच्या ओळींत घाटे पोकळ होते. मधला भाग वाचला. लेकरांना पुरेल एवढी डाळ व्हायला बरंच कमी पडत होतं, हे तिच्या ढिगाकडे पाहून कोणालाही दिसलं असतं. आमचं रान भरून आलं होतं. मी एक अर्धं पोतं बांधलं आणि तिच्या घरी घेऊन गेले. ती दारात उभी राहिली, आत बोलावलं नाही. पोत्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "न्हाई ताई. तुमचं तुमाला राहू द्या." मी परत आणलं. गल्लीतून परत आणताना ते पोतं फार जड झालं होतं.

दोन दिवस विचार केला आणि मग मी सिंधूकडे गेले. म्हटलं, "हे तू दे तिला. तुझ्या रानातलं म्हणून दे. माझं नाव घेऊ नको."

"तुमचा हाय तर तुमचं नाव काहून न्हाई घ्यायचं?"

"घेतलंस तर ती ठेवणार नाही."

सिंधूने पोतं जरा उचलून पाहिलं. मग तिने पोत्याचं एक टोक धरलं, मी दुसरं धरलं, आणि आम्ही दोघी विहारामागच्या घरी गेलो. राणी चुलीपुढे होती. सिंधू म्हणाली, "आमच्याकडं यंदा जास्त झाला, ठेव." राणीने माझ्याकडे पाहिलंच नाही. ती उठली, पदर सावरला आणि सिंधूच्या पाया पडायला वाकली. सिंधूने तिला वरच्यावर धरलं.

"तुमच्यामुळं लेकराच्या तोंडात डाळ पडंल बाई," राणी म्हणाली. "देव तुमचं भलं करो."

मी पोत्याचं तोंड धरून उभी होते. नाव घेऊ नको असं मीच सांगितलं होतं, कोणी जबरदस्ती केली नव्हती. तरी जळलं.